खिशातला सरस

३ फेब्रुवारी, सोमवार

मी बोलते आहे आणि वन्सं लिहिताहेत, हे आधीच सांगून ठेवते. अक्षर सुरेख दिसलं तर कौतुक त्यांचं, आणि मजकूर वाकडा निघाला तर तो माझा. माझी आणि अक्षरांची कधी ओळखच झाली नाही. वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. जन्मभर शाळेत पोरांच्या चुका काढल्या, आता निवृत्त होऊन माझ्या काढतात. त्यांना बजावून ठेवलंय, मी म्हणेन तेच उतरवायचं. मधेच "वहिनी, असं म्हणत नाहीत" हे चालायचं नाही. आम्ही म्हणतो.

वही भिंगरीने दिली. भिंगरी माझी नात. जन्मल्यापासून एका जागी बसेल तर शपथ, म्हणून भिंगरी. दूरच्या शहरात बिस्किटांच्या कारखान्यात होती, तिथल्या प्रयोगशाळेत. चांगली चिकटलेली नोकरी सोडून गेल्या महिन्यात घरी आली, आणि खालच्या मजल्यावर ह्यांच्या सुतारकामाच्या खोलीत शेगडी आणि फ्रीज मांडून बसली. बसली कसली, फिरतेच आहे. तिथे ती वड्या करते. नारिंगी, गुळगुळीत, बोट लावलं की थरथरणाऱ्या. म्हाताऱ्यांच्या सांध्यांसाठी. त्यात कोलॅजन म्हणून काहीतरी असतं.

"आजी, तू रोज एक खायची. आणि जेवताना मला गुडघ्याचे दहापैकी गुण सांगायचे. खरे हं. मला बरं वाटावं म्हणून गोड बोलशील तर माझं सगळं काम पाण्यात."

"आणि वही कशाला?"

"मनात येईल ते आत्याआजीला सांगत जा. मी वाचणार नाही."

म्हणजे गुडघा तिचा आणि मन माझं. वाटणी बरी आहे.

आजचे गुण तीन. वडी अजून ताटलीत आहे. उद्यापासून खाईन.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज कठड्याला धरून धरून एकेक पायरी खाली उतरले आणि तिचं काम बघत बसले.

"कोलॅजन म्हणजे नेमकं काय ग?"

"जनावरांच्या कातडीत, हाडांत असतं. माशांच्या कातडीतसुद्धा. ते काढतात, शुद्ध करतात. जिलेटिन त्याचंच भावंड. वडी धरते ती जिलेटिनमुळे."

"जिलेटिन? खाणीत खडक उडवतात ते? माझ्या गुडघ्यात सुरुंग लावतेस का?"

"अग ते वेगळं! नाव सारखं आहे फक्त."

तिने पिवळट दाणे गार पाण्यात घातले. ते पाणी पिऊन टम्म फुगले. मग मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात छोटं पातेलं, छोट्यात तो लगदा. "उकळू द्यायचं नाही, नाहीतर धरायचा जोर जातो," असं म्हणत ती ढवळायला लागली. आणि वास आला.

वन्सं, तुम्ही तेव्हा वर होतात. तुम्हाला आला नाही. मला आला, आणि मी जागच्या जागी गार झाले. हा सरस! सुतार खुर्च्यांचे सांधे चिकटवायला जनावरांच्या कातड्या-हाडांचा गोंद शिजवतात, तोच. ह्याच खोलीत, ह्याच कोपऱ्यात, भांड्यात भांडं ठेवून हे तो शिजवायचे. जन्मभर तो वास माझ्या उशीत होता, ह्यांच्या केसांत होता, चहात होता. "एक दिवस तुमचं ते भांडं रस्त्यावर भिरकावून देईन" असं मी लग्नाच्या पहिल्या वर्षी म्हटलं होतं आणि शेवटच्या वर्षीही. भांडं राहिलं, हे गेले.

मासे, मटण मी सगळं खाते, सोवळ्यातली नाही. पण गोंद कोणी खातं का? खुर्ची आहे का मी?

भिंगरीला म्हटलं नाही काही. पोरीचं तोंड वाफेने लाल झालं होतं आणि आनंदाने त्याहून लाल. कालची वडी आणि आजची वडी दोन्ही जाकिटाच्या खिशात आहेत. थरथरताहेत.

गुण विचारले. तीनच सांगितले.

९ फेब्रुवारी, रविवार

वडी टाकून देणं वाटतं तितकं सोपं नाही. मोरीत टाकली, जाळीवर जाऊन बसली आणि सुनेने विचारलं, "हे काय अडकलंय?" कुंडीत पुरली, मुंग्यांनी वरात काढली. कावळ्याने बघितली आणि माझ्याकडे असं बघितलं, की मलाच लाज वाटली.

शेवटी काल सून कामावर गेल्यावर काठी घेतली आणि खाली उतरले. कोपऱ्यावर न्हाव्याचं दुकान आहे. त्याच्या पायरीवर जुनी गादी टाकून एक म्हातारा कुत्रा पडलेला असतो. गिऱ्हाइकं उभी आणि हा गादीवर, म्हणून त्याला सगळे साहेब म्हणतात. मागचा एक पाय ओढत चालतो. मी वडी पुढे केली. साहेबांनी हुंगली, एकदा जिभेवर फिरवली आणि गिळली. शेपटी दोनदा आपटली. म्हणजे पास.

न्हाव्याच्या बाकावर दम खात बसले. परत येताना गुडघ्याने आईबापांचा उद्धार केला. पण खिसा रिकामा झाला ना!

जेवताना गुण चार सांगितले. एक गुण प्रेमाचा. भिंगरीचे डोळे लकाकले. मग तिने कागदावर मांडलं आणि म्हणाली, "एवढ्यात काही म्हणता येत नाही. अजून पुष्कळ दिवस बघायला हवं." पोरगी खरी आहे. आजी तेवढी खोटी निघाली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हे. सरळ रस्त्याने गेलं की भिंगरीच्या खिडकीतून दिसतं. म्हणून आता मागच्या दाराने निघते, बागेला वळसा घालते, मग चढ चढून न्हाव्याकडे उतरते. लांब पडतं, पण लपून जाता येतं.

साहेब आता माझी वाट बघतात. न्हावी म्हणाला, "आजी, काय खाऊ घालता यांना? मुलगी बघायला निघाल्यासारखे दिसायला लागलेत."

घरी आज बारसं होतं. वड्यांचं. खोक्यावर नाव हवं. सून म्हणाली "सांधेसखी", वन्संनी कसलंसं संस्कृत सांगितलं ते कुणाच्या तोंडात मावेना. भिंगरी माझ्याकडे वळली.

"आजी, तू सांग ना."

जीभ उचलली आणि टाळ्याला लावली. म्हटलं, "सरस."

टोमणा होता हो तो! वन्सं हसतील असं वाटलं, त्यांच्या भावाचं भांडं. पण भिंगरी ताडकन उठली. "सरस! म्हणजे उत्तम, सगळ्यांहून सरस! आजी, किती छान!" आणि माझे दोन्ही गाल ओढले. हल्लीच्या पोरांना सरस म्हणजे गोंद हे ठाऊकच नाही. वन्संना ठाऊक आहे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

वन्सं, तेव्हा का नाही बोललात?

म्हणतात, "शब्द शुद्ध होता."

२२ फेब्रुवारी, शनिवार

एक चमत्कार सांगते, हसायचं नाही.

आज सकाळी उठले, पाय खाली सोडले, उभी राहिले आणि चहा टाकल्यावर आठवलं की आज गुडघा बोललाच नाही. उठताना तो नेहमी सुनेच्या आधी बोलतो. जिना उतरले, कठडा धरायचा विसरले. मग घाबरले. म्हटलं, गुडघा मेला की काय.

वडी खात नाही. तेल लावत नाही. गोळ्या त्याच जुन्या. मग बरं का वाटतंय? मी बराच विचार केला आणि मला वाटतं, हे खोटं बोलल्यामुळे झालंय. रोज जेवताना बरं आहे, बरं आहे म्हणते, ते गुडघ्याने ऐकलं आणि बिचारा भुलला.

वन्सं हसताहेत. का हसता विचारलं तर मलाच विचारतात, "वहिनी, तुम्ही रोज जाता कुठे?"

"ठाऊक नाही का? कुत्र्याकडे."

"कशा जाता?"

"कशा म्हणजे? पायांनी!"

तर आणखीच हसल्या. शिकलेल्या माणसांना कशावर हसू येईल सांगता येत नाही.

गुण सहा सांगितले. आणि हे खरे होते, म्हणून जास्त लाजले.

४ मार्च, मंगळवार

खोकी छापून आली. खोलीच्या अर्ध्या भिंतीइतकी रास. प्रत्येकावर म्हणे नारिंगी अक्षरांत "सरस". वन्संनी बोट ठेवून दाखवलं, हा स, हा र, हा स. मला वाचता येणारा पहिला शब्द, आणि तो गोंद.

जिथे हे लाकडाच्या फळ्या उभ्या करून ठेवायचे तिथेच ती रास आहे. हे असते तर पोट धरून हसले असते. मग भिंगरीला जवळ घेऊन भांड्यात भांडं कसं ठेवायचं त्यावर दोघं भांडले असते.

उन्हाळा लागला. आज बागेला वळसा घालेपर्यंत वडी खिशात विरघळली. उरलेला लगदा साहेबांनी बोटांवरून चाटला. घरी येऊन बघते तर खिसा मिटलेला! आतलं कापड आतल्या कापडाला असं धरून बसलंय, की उघडेना. सरस तो सरसच. जाकीट न धुता कपाटात कोंबलं. आता हातरुमालात बांधून नेते.

गुण सात.

११ मार्च, मंगळवार

चित्त थाऱ्यावर नाही. बसले की उठावंसं वाटतं, उठले की कुठे जायचं ते कळत नाही. वन्सं म्हणतात, भिंगरी आजीवर गेली हे आज कळलं.

झालं असं. वरच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात भेटल्या. त्यांचे दोन्ही गुडघे सुजलेले. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन ठरलं होतं. मला कठडा न धरता चढताना बघून त्या थांबल्याच.

"अहो, तुम्ही तर पळताय! नातीच्या वड्यांनी ना? तुमच्या सूनबाई सांगत होत्या. मी डॉक्टरांना तारीख पुढे ढकलायला सांगितली. उगाच कापाकापी कशाला? मीही वड्याच खाते."

मी म्हटलं, "अहो, पण डॉक्टर..."

"डॉक्टर काय, कापायलाच बसलेत. तुम्ही डोळ्यांसमोर आहात की."

मी डोळ्यांसमोर होते आणि तोंड शिवलेलं होतं. त्या एकेक पायरी, दोन्ही हातांनी कठडा धरून वर गेल्या. प्रत्येक पायरीला "आई ग". ती "आई ग" माझ्या नावावर जमा होत होती.

जेवताना भिंगरीला विचारलं, "ह्या वड्यांनी खरंच गुडघा बरा होतो का?"

ती म्हणाली, "कुणाला थोडा फरक पडतो असं दिसतं, कुणाला नाही. अभ्यास अजून कच्चा आहे. म्हणून तर तुझ्यावर लक्ष ठेवलंय." मग हळूच, "पण तुझं बघून मला वाटायला लागलंय ग आजी."

गुण विचारले तेव्हा म्हटलं, "आज पोट दुखतंय." तिने पोटाचेही लिहून घेतले.

१५ मार्च, शनिवार

बिस्किटवाल्यांचा फोन आला होता. जागा अजून रिकामी आहे, परत ये म्हणताहेत. भिंगरीने "सांगते" म्हटलं. आणि दुसरीकडे औषधांच्या पुष्कळ दुकानांसाठी माल घेणारा एक गृहस्थ बुधवारी घरी येतोय. त्याने होकार दिला तर ती इथे राहणार. नाहीतर बॅग भरणार. हे तिने आईला सांगितलं, मी स्वयंपाकघरात उभी होते.

मग माझ्याकडे आली. "आजी, तो तुझ्याशी बोलणार आहे. सगळं तुझ्यावर... नाही, तुझ्यावर काही नाही. तू आपलं खरं असेल ते सांग."

वन्सं लिहिता लिहिता थांबल्या आहेत. बोला, तेही उतरवा. म्हणतात, "आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. वहिनी, सांगून टाका."

"सांगितलं तर पोरगी जाईल."

"आणि नाही सांगितलं तर?"

तर वरच्या बाई. ठाऊक आहे हो. मी काय दगड आहे? खिडकीशी गेले, दाराशी गेले, परत खिडकीशी. साहेबांकडे दुसऱ्यांदा जाऊन आले, वडी नसताना. पोरगी गेली की मला ह्या घरात, ह्या खोल्यांत, एकटीने म्हातारं होत... नको, हे खोडा. खोडलंत? बघू. रेघ मारलेली दिसत नाही.

१९ मार्च, बुधवार

सगळं सांगते, क्रमाने. बोट दुखलं तरी थांबू नका.

गृहस्थ आला. गळ्यात टाय, हातात फोन. वडी खाल्ली, "छान धरलीय" म्हणाला. वरच्या बाई आधीच येऊन खुर्चीत पाय लांब करून बसलेल्या. मला जिना उतरून चढायला सांगितलं. मी चढले. मुद्दाम वाईट चढावं असं मनात होतं, पण पायच ऐकेनात, टुणटुण चढले. गृहस्थ खूश. फोन माझ्या तोंडासमोर धरला.

"आजी, इकडे बघून सांगा. हा फरक कशाने पडला?"

भिंगरी म्हणाली, "ह्यानेच, असं नक्की नाही म्हणता येणार..."

"तुम्ही थांबा. आजींना बोलू दे."

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते ते अजूनही सांगता येत नाही. कारण तेवढ्यात दारातून साहेब आत आले. ह्या गडबडीत सकाळची फेरी चुकली होती. साहेब कुणाकडे न बघता टायवाल्याच्या पायांमधून आले आणि माझ्या रुमालात नाक खुपसून उभे. मागून धापा टाकत न्हावी, हातात कंगवा.

"माफ करा हं! आज आजी वडी घेऊन आल्या नाहीत, तर स्वतःच निघाले. दुकानात गिऱ्हाईक अर्धं सोडून आलो."

"कसली वडी?" भिंगरीने विचारलं.

"ही नारिंगीच की. रोज आणतात. ह्यांचा मागचा पाय बघा, किती सुधारला!"

साहेबांची शेपटी तेवढी वाजत होती. मग तो गृहस्थच हसला. भला माणूस. मला दोर टाकला. "एखादी देत असाल हो आजी, प्रेमाने. बाकीच्या तुम्हीच खाता ना?"

"हो" म्हणायचं होतं. एवढंसं अक्षर. माझ्यासारखीलाही जमलं असतं. भिंगरी माझ्याकडे बघत होती. आणि वरच्या बाई दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बघत होत्या.

म्हटलं, "नाही. एकही नाही खाल्ली."

गृहस्थाने फोन खिशात घातला. जाताना म्हणाला, "कुत्र्याचा व्हिडिओ घेतला असता, पण आमची दुकानं माणसांची आहेत."

२० मार्च, गुरुवार

भिंगरी बसली आहे. सकाळपासून एकाच स्टुलावर. हे बघवत नाही. ताप आलेली असतानासुद्धा ही पोरगी पलंगभर फिरायची.

जवळ गेले. वर न बघता म्हणाली, "का नाही खाल्लीस?"

"सरस आहे म्हणून."

"ते नाव झालं, आजी."

"नाव नाही ग. सरस. तुझे आजोबा खुर्च्यांचे सांधे चिकटवायचे तो. वास सारखा. मला जन्मात आवडला नाही."

तिने त्या खोक्यांच्या राशीकडे बघितलं. वरपासून खालपर्यंत. "म्हणजे एवढ्या सगळ्यांवर मी गोंद म्हणून छापून आणलंय?"

"उत्तम असाही होतो ना अर्थ."

"आत्याआजी, तुला माहीत होतं?"

वन्सं म्हणाल्या, "मी शुद्धलेखनापुरतीच होते."

मला वाटलं आता हसेल. हसली नाही. म्हणाली, "आवडली नाही म्हणाली असतीस तर मी दुसरी केली असती. मी रोज विचारत होते. तुला काय वाटलं, मला गुण हवे होते?"

मग उठून वरच्या बाईंकडे गेली. त्यांना सगळं सांगितलं, आणि डॉक्टरांना फोनही तिथूनच लावून दिला. ऑपरेशनची तारीख परत ठरली. खाली आली आणि पुन्हा त्याच स्टुलावर.

ती मला काही कमीजास्त बोलली असती तर बरं झालं असतं.

२४ मार्च, सोमवार

गुडघा परत धरला. उठताना जीव जातो, जिना बघूनच घाम फुटतो.

माझं म्हणणं खरं ठरलं की नाही, वन्सं? खोटं चालू होतं तोवर गुडघा खूश. पकडले गेले आणि तो रुसला. किंवा असं असेल, खायचे साहेब आणि लागू मला पडायचं. आता वड्याच होत नाहीत, तर दोघांचंही बंद.

घराबाहेर पाऊल टाकलेलं नाही. कोणत्या तोंडाने जाऊ? न्हावी बिचारा रोज दारातून विचारून जातो. वन्सं म्हणतात, "नुसत्या जाऊन या."

"वडीशिवाय? काय काम काढून?"

पुन्हा हसल्या. ह्या घरात एकटीलाच हसू येतंय.

बिस्किटवाल्यांना रविवारपर्यंत उत्तर हवंय. पलंगाखालची बॅग भिंगरीने बाहेर काढून ठेवली आहे. उघडी आहे, रिकामी आहे. मी सारखी जाऊन बघते, काही पडलं का आत.

३० मार्च, रविवार

काल बॅगेत दोन पुस्तकं पडली होती.

आज सकाळी भिंगरी माझी काठी घेऊन उभी. "चल. साहेबांकडे ज्या वाटेने जायचीस त्याच वाटेने न्यायचं."

"वडी नाही आपल्याकडे."

"चल म्हणते ना."

निघालो. मागचं दार, बाग, बागेचा वळसा. पहिल्यांदा पाय उचलेना, मग जरा सुटला. चढाला लागलो तेव्हा ती थांबली. मागे बघितलं, पुढे बघितलं.

"रोज इथून?"

"मग? तुझ्या खिडकीतून दिसू नये म्हणून."

"हा चढ? रोज? आधी तो जिना, परत येऊन पुन्हा जिना?"

"उडत जाऊ का?"

तिने तोंडावर हात धरला. मग बागेच्या कठड्यावर बसली आणि इतकी हसली, की रस्त्याची माणसं बघायला लागली. "आजी ग! कागद, तक्ते, गुण... आणि तू चालत होतीस!" मग डोळे पुसले, मला शेजारी बसवलं आणि माझ्या मांडीवर डोकं टेकून थोडी रडली. हसण्यासारखं काय होतं मला कळलं नाही. रडण्यासारखं मात्र कळलं, म्हणून मी थोपटत राहिले. साहेब आले. माझा रिकामा हात हुंगला, रागावले, आणि तरीही आमच्याबरोबर घरापर्यंत चालत आले.

घरी येऊन तिने फ्रीजमधून एक वडी काढली. शेवटच्या खेपेतली. "ही खा. पहिली. आणि खरं सांग. तुझं खरं ऐकून मग मी ठरवते."

तोंडात ठेवली. वन्संनी पेन खाली ठेवलं होतं.

म्हटलं, "आधी संत्रं येतं. मग गोड. मग ती विरघळून जाते आणि सगळं गेलं असं वाटतं, तेव्हा मागून, घशाजवळून, तुझ्या आजोबांचं भांडं."

"शेवटी? गिळल्यावर?" भिंगरी उभी राहिली. "नाकात की जिभेवर? किती वेळ राहतं?"

"अजून आहे."

"म्हणजे संत्रं आधी संपतंय! ह्या वासाच्या पुढे टिकेल असं काहीतरी हवं. आलं? लिंबाची साल? आजी, हे तू महिन्यापूर्वी बोलली असतीस तर!" ती फ्रीजकडे, तिथून शेगडीकडे, तिथून माझ्याकडे, परत फ्रीजकडे. दाणे गार पाण्यात पडलेसुद्धा. "आणि खोक्यावर गुडघ्याचं अक्षर नको. नाव तेच. मागे सरळ लिहायचं, सरस म्हणजे काय ते. चालत जा आणि आवडली तर खा."

तेवढ्यात फोन वाजला. बिस्किटवाले.

"माझे हात ओले आहेत. आजी, घे ना. हिरवं दाब."

"काय सांगू?"

"खरं सांग."

हिरवं दाबलं. पलीकडून कुणी गोड आवाजाची बाई. म्हटलं, "भिंगरी कामात आहे. नाही हो, आज नाही. उद्याही नाही. ती बसली की कळवू, पण ती बसत नाही."

बॅग मी पलंगाखाली ढकलली. वाकताना गुडघा बोलला. गुण चार. खरे.

आता हे लिहू नका, वन्सं. खोलीत ते भांड्यातलं भांडं तापायला लागलं, वास वर जिन्यापर्यंत आला, आणि मी खाली जाऊन दुसरी वडी मागून घेतली. चवीसाठी नाही.